स्वप्नातल्या गोमाश्या

गाय झोपली आहे आणि तिला वाईट स्वप्न पडतंय. यंत्राच्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसतंय: गोमाश्या तिचा पिच्छा सोडत नाहीत. संशोधक बाई गाईला एक औषध टोचतात. जरा वेळाने पडद्यावरचं चित्र पालटतं. आता तीच गाय झुल्यात पहुडली आहे, आजूबाजूला सुरेल संगीत चाललंय आणि तिच्या चेहऱ्यावर नुकताच फंड हातात पडलेल्या पेन्शनरासारखं समाधान आहे. जमलेले विद्वान खूश. स्वप्नातून हाकललेल्या गोमाश्या गेल्या कुठे, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. त्या कुठेही गेलेल्या नाहीत. प्रयोगशाळेतच भणभणताहेत.

१९६६ सालच्या एका कृष्णधवल चेक विनोदी चित्रपटातला हा प्रसंग. चित्रपटाचं नाव 'क्दो ख्त्से झाबीत जेसी?', म्हणजे 'जेसीला कोण ठार मारू पाहतंय?'. दिग्दर्शक वात्स्लाव वोर्लीचेक. लेखनात त्यांच्या जोडीला मिलोश मात्सोउरेक. दीड तासही लांबी नाही. विज्ञानकथा म्हणावी तर त्यातलं विज्ञान एका सुईत मावतं, आणि अद्भुतकथा म्हणावी तर परी, राक्षस, राजवाडा यांतलं काही नाही, प्रागमधला एक मध्यमवर्गीय फ्लॅट आहे. मला हा चित्रपट गेले कित्येक महिने सोडत नाहीये. त्याबद्दल लिहिणाऱ्यांचा ओढा बहुतेक वेळा जेसीकडे असतो, कारण ती सुंदर आहे आणि पोस्टरवर तीच आहे. मी मात्र त्या गोमाश्यांपाशी आणि सुई टोचणाऱ्या बाईपाशी अडकले आहे.

त्या बाईचं नाव डॉ. रूझेना बेरान्कोवा. तिचा नवरा यिंद्रझिख, घरात यिंद्रा. पेशाने अभियंता, स्वभावाने गरीब, कायम दमलेला. कारखान्यातलं जड सामान उचलण्याचा काहीतरी प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसलाय आणि उत्तर सापडत नाही. अशात एका मासिकात त्याच्या नजरेला एक चित्रकथा पडते. जेसी नावाची सोनेरी केसांची तरुणी, तिच्याकडचे गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारे हातमोजे आणि त्या हातमोज्यांपायी तिच्या मागे लागलेले दोघे: एक सुपरमॅन, एक पिस्तूलवाला. यिंद्राला नक्की भुरळ कशाची पडली, हातमोज्यांची की जेसीची, हे चित्रपट मोठ्या समजूतदारपणे उघड करत नाही. रात्री तिघंही त्याच्या स्वप्नात येतात. बायकोच्या हाती तर स्वप्न बघायचं यंत्रच आहे. ती बघते, संतापते आणि नवऱ्याला सुई टोचून त्याचं स्वप्न साफ करून टाकते. सकाळी जेसी, सुपरमॅन आणि पिस्तूलवाला घरात हजर!

मनी वसे ते स्वप्नी दिसे, इथपर्यंत आपल्याकडे सगळ्यांना मान्य आहे. पहाटेचं स्वप्न खरं होतं, हेही पुष्कळांना मान्य आहे. माझी आजी याबाबतीत फार कडक होती. पहाटे चांगलं स्वप्न पडलं तर पुन्हा डोळा लावायचा नाही, नाहीतर फळ जातं. वाईट पडलं तर उलट, लगेच कूस बदलून झोपायचं आणि सकाळी कुणापाशी त्याची वाच्यता करायची नाही. आजीला हा चित्रपट दाखवला असता तर त्यातलं फक्त यंत्र तिला नवं वाटलं असतं. बाकी सगळा व्यवहार तिच्या ओळखीचा.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते त्या काळात आजच्याइतकं हवेतलं वाटलं नसणार. झोपेत डोळ्यांची बुबुळं काही वेळ जलद हलतात आणि त्या टप्प्याचा स्वप्नांशी संबंध असतो, हे शिकागो विद्यापीठातल्या युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. त्याआधी झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणं, अशीच साधारण समजूत होती. म्हणजे चित्रपट आला तेव्हा स्वप्नांची प्रयोगशाळा ही जेमतेम तेरा वर्षांची कल्पना होती, वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत नुकती झिरपत असलेली. माणूस झोपला असताना त्याच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेरून मोजता येतं, एवढं कळल्यावर ते बघता येईल का, हा पुढचा प्रश्न कुणालाही पडलाच असता. मात्सोउरेक आणि वोर्लीचेक यांनी त्याच्याही पुढचा विचारला: बघता आलं, तर लोक त्यात ढवळाढवळ केल्याशिवाय राहतील का? २०१३ मध्ये क्योतोतल्या युकियासू कामितानी यांच्या गटाने मेंदूचं स्कॅनिंग करून, झोप लागता लागता माणसाला साधारण कोणत्या जातीच्या वस्तू दिसताहेत, याचा ढोबळ अंदाज बांधून दाखवला. इमारत, माणूस, गाडी, असं काहीसं. झुल्यातली गाय अजून लांब आहे, पण रस्ता तोच.

आता त्या तिघांकडे वळू. ते बोलत नाहीत. त्यांच्या डोक्याशेजारी पांढरा फुगा उगवतो आणि बोलणं त्यात लिहिलेलं असतं. कागदावर ते तसे बोलायचे, म्हणून हाडामांसाचे झाल्यावरही तसेच बोलतात. चित्रपटाची सगळी अक्कलहुशारी मला इथे दिसते. औषध आणि यंत्र वैज्ञानिक वळणाचे आहेत. पण त्यांतून बाहेर पडलेली माणसं चित्रकाराच्या नियमांनी चालतात. त्यांना जखम होत नाही, थकवा येत नाही, पश्चात्ताप होत नाही. सुपरमॅनला भिंत आडवी आली तर दार शोधायची त्याला गरज वाटत नाही, तो भिंतीतून जातो. पोलिसांना आणि कोर्टाला या कागदी कायद्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि तेही मोठ्या गांभीर्याने आपापले अर्ज, आपापली कलमं घेऊन कामाला लागतात. निव्वळ अद्भुतकथा असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. निव्वळ विज्ञानकथा असती तर फुग्यांचा खुलासा द्यावा लागला असता. इथे खुलासा कुणी देत नाही आणि नवलही फार वेळ टिकत नाही. प्रशासन लगेच रुळावर येतं. मला सगळ्यात जास्त हसू त्याचं आलं.

मी हा चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह पाहिला, त्यामुळे एक भलतीच गंमत झाली. बोलणाऱ्या माणसांचं बोलणं पडद्याच्या तळाशी लिहून येत होतं. न बोलणाऱ्यांच्या डोक्यावर चेक अक्षरं होती आणि त्यांचा अर्थ पुन्हा तळाशी. प्रागच्या प्रेक्षकाला यिंद्रा ऐकू यायचा आणि जेसी वाचावी लागायची. मला दोघंही वाचावीच लागत होती. म्हणजे माझ्यापुरती सगळीच पात्रं चित्रकथेतून आलेली. शिवाय वाचायला वेळ लागतो. जेसीच्या प्रत्येक वाक्यापाशी दृश्य किंचित रेंगाळतं, आणि त्यामुळे ती आजूबाजूच्या धावपळीपेक्षा अर्धं पाऊल मागे असल्यासारखी वाटते. ओल्गा शोबेरोवाने हे रेंगाळणं छान सांभाळलंय. ती फुगा उगवेपर्यंत आणि वाचून होईपर्यंत निरागसपणे उभी राहते, जणू बोलून झाल्यावर लोकांना थोडा अवधी द्यायचा असतो हे तिला कुणीतरी शिकवलंय.

ही चित्रकथा काढली काया साउदेक यांनी. १९३५ मध्ये प्रागमध्ये जन्मलेल्या जुळ्या भावांपैकी हे एक. दुसरे यान, छायाचित्रकार, ज्यांचे फोटो पुढे जगभर गाजले. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात चित्रकथा हा प्रकार सरकारच्या डोळ्यांत सलायचा. भांडवलशाहीचा कचरा, मुलांचं वाचन बिघडवणारा, वगैरे. यारोस्लाव्ह फोग्लार यांची 'रिखले शीपी' ही पाच मुलांच्या साहसांची चित्रमाला १९३८ मध्ये सुरू झाली आणि चेक मुलांनी ती डोक्यावर घेतली. ती आधी नाझी काळात बंद पडली, सुरू झाली, आणि कम्युनिस्ट आल्यावर पुन्हा बंद पडली. दोन परस्परविरोधी राजवटींचं एका गोष्टीवर एकमत व्हावं आणि ती गोष्ट शाळकरी मुलांची चित्रकथा असावी, याला काय म्हणावं!

आपल्याकडे सरकारला चित्रकथांचं वावडं नव्हतं. ते काम घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी केलं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये निघालं आणि मराठीतूनही यायचं. भूगोलाच्या पुस्तकात वेताळ लपवून वाचलेली पिढी आता नातवंडांच्या मोबाइलवर नजर ठेवून असते. माझ्या बाबांचा चित्रकथांना असलेला विरोध मला आजही जशाच्या तसा आठवतो: यातली माणसं विचार करत नाहीत, नुसती मारामारी करतात. साउदेकच्या पिस्तूलवाल्याबद्दल त्यांचं म्हणणं खोटं ठरलं नसतं. पण यिंद्रा, इतका शिकलेला अभियंता, दिवसभर विचार करून थकतो आणि त्याला पाहिजे ते उत्तर, ते हातमोजे, शेवटी मिळतात कुठे? मासिकाच्या त्या हलक्या समजल्या जाणाऱ्या पानावर. चित्रपट हे ठासून सांगत नाही, पण कथा चालते ती यावरच.

१९६६ हे वर्ष चेक सिनेमाचं मोठं भरभराटीचं होतं. वेरा खितिलोवा यांचा 'सेद्मिक्रास्की' त्याच वर्षीचा, यिर्झी मेंझेल यांचा 'ओस्त्रे स्लेदोवाने व्लाकी'सुद्धा त्याच वर्षीचा. मेंझेलच्या चित्रपटाला पुढे १९६८ मध्ये ऑस्कर मिळालं. जगभरच्या फिल्म सोसायट्यांमध्ये नाव झालं ते या मंडळींचं. वोर्लीचेकसारख्यांकडे लोकांना हसवणारा कारागीर म्हणून बघितलं गेलं, आणि मला वाटतं त्याचा त्यांना फायदाच झाला. विनोदाच्या आडून जे चाललंय ते कुणी फारसं उकरून बघत नाही.

आणि इथे तर बरंच काही चाललंय. यिंद्रावर खटला भरला जातो. का, तर त्याच्या स्वप्नातल्या माणसांनी शहरात धुमाकूळ घातला. माणूस आपल्या स्वप्नाला जबाबदार आहे की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे येतो आणि त्याची चर्चा अगदी नेहमीच्या कामकाजासारखी होते, गाडी चुकीच्या जागी लावल्याच्या गुन्ह्याइतकीच निर्विकारपणे. ज्या देशात वर्तमानपत्राचं पान छापण्याआधी सरकारी माणसाच्या टेबलावरून जायचं, त्या देशातल्या प्रेक्षकाला यात काय काय ऐकू आलं असेल ते सांगायला नको. ही पूर्वतपासणी कायद्याने रद्द झाली जून १९६८ मध्ये. ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या देशांचे रणगाडे प्रागमध्ये शिरले, आणि ते स्वातंत्र्य गेलं.

तरीही या चित्रपटाला राजकीय रूपककथा म्हणून मोकळं व्हायला माझं मन तयार होत नाही. तसं म्हटलं की रूझेना म्हणजे सत्ता, यिंद्रा म्हणजे जनता, सुई म्हणजे प्रचार, असा हिशोब मांडता येतो. आणि मग त्या बाईचं बाईपण आणि बायकोपण दोन्ही बाजूला पडतं. मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. या कथेत पाळत ठेवायला सुरुवात पोलीस करत नाहीत. सुरुवात होते एका झोपायच्या खोलीत, आणि करणारी व्यक्ती दुष्ट नाही. तिला काळजी आहे, मत्सर आहे आणि हाताशी साधन आहे. सरकार नंतर येतं.

याच्या अगदी उलटा चित्रपट चार वर्षांनी प्रागमध्ये तयार झाला. कारेल काखिन्या यांचा 'उखो', म्हणजे 'कान'. लेखक यान प्रोखाझ्का. एक उपमंत्री आणि त्याची बायको सरकारी मेजवानीहून रात्री घरी परततात. किल्ल्या सापडत नाहीत, घरात वीज नाही, आणि हळूहळू दोघांना संशय येतो की आपल्या घरात ठिकठिकाणी ऐकणारी यंत्रं बसवलेली आहेत. रात्रभर ते भांडतात, कुजबुजतात, कागद जाळतात. तो चित्रपट लगेच बंदीत गेला आणि लोकांपर्यंत पोहोचला १९९० मध्ये. प्रोखाझ्का यांच्यावर तर खरोखरच पाळत होती. त्यांचं मित्राशी झालेलं खासगी बोलणं चोरून ध्वनिमुद्रित केलं गेलं आणि १९७० मध्ये त्यांची बदनामी करण्यासाठी ते देशभर ऐकवलं गेलं. १९७१ मध्ये ते वारले. 'कान'मध्ये सत्ता आधी घरात शिरते आणि तिच्यामुळे नवरा-बायको एकमेकांना फाडून खातात. 'जेसी'मध्ये नवरा-बायकोचं आधी बिनसतं आणि मग सत्ता घरात येते. दोन्ही लागोपाठ बघावेत. पण 'कान' रात्री बघू नये, एवढं सांगून ठेवते.

रूझेनाचं काम केलंय दाना मेद्रझित्स्का यांनी. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहातल्या त्या मानाच्या अभिनेत्री. यिंद्रा झालेले यिर्झी सोवाक आणि त्या दोघंही १९२० सालचे. म्हणजे चित्रपटाच्या वेळी पंचेचाळिशीत. सोवाकचा चेहरा असा आहे की तो नुसता समोर येऊन उभा राहिला तरी त्याच्यावर अन्याय झालाय असं वाटावं. सहानुभूती त्याला फुकटात मिळते. मेद्रझित्स्कांना ती मिळवावी लागते, आणि पटकथा त्यांना फारशी मदत करत नाही. कारण लिहिणाऱ्या दोघा पुरुषांनी रूझेनाला कजाग बायको म्हणूनच लिहिलंय. अख्ख्या चित्रपटात सगळ्यात हुशार माणूस ती आहे. शोध तिचा, मान्यता तिची, घरात निर्णय घेण्याचं कामही तिचंच. आणि चित्रपट या सगळ्याची शिक्षा म्हणून तिला हास्यास्पद करतो. जेसीसुद्धा संशोधकच आहे, हातमोजे तिचेच; पण तिचे कपडे तोकडे आणि फाटके, आणि तिचं बोलणं फुग्यात. आवाज नसलेली, तरुण, कर्तबगार बाई म्हणजे यिंद्राचं स्वप्न. आवाज असलेली, पंचेचाळिशीतली, कर्तबगार बाई म्हणजे त्याची बायको. हे १९६६ मध्ये कुणाला खटकलं नसेल. मला खटकलं. कॅमेरा जेसीच्या पायांवरून फिरतो तेव्हा तर स्वप्न यिंद्राचं आहे की युनिटमधल्या सगळ्यांचं, असा प्रश्न पडतो.

पण मेद्रझित्स्का त्या लिखाणातूनही वाट काढतात. नवऱ्याचं स्वप्न बघतानाचा त्यांचा चेहरा एकदा थांबून बघा. आधी संशोधकाचं कुतूहल. मग ओळख पटते: हा माझा नवरा, आणि हा इतका आनंदात मला कधी दिसला नव्हता. राग त्यानंतर येतो. पुढे हीच बाई त्या सुपरमॅनकडे ओढली जाते, आणि चित्रपट त्याची थट्टा करतो. मला मात्र त्यात न्याय दिसला. नवऱ्याला कागदातली बाई चालते, तर हिला कागदातला पुरुष का चालू नये? तिने निदान तो झोपेत लपवून ठेवला नाही.

आमच्या घरी हल्ली मनगटावर घड्याळ बांधून झोपायची पद्धत आली आहे. मुलाने बाबांना वाढदिवसाला दिलं. सकाळी चहा घेता घेता आमचे हे झोपेचे गुण वाचून दाखवतात: गाढ इतकी, हलकी इतकी, स्वप्नांची इतकी. स्वप्नांची झोप किती मिनिटं झाली ते घड्याळ सांगतं, मिनिटांच्या आत काय होतं ते सांगत नाही. यांचा सगळा जन्म पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेला. झोपेत मधूनच स्पष्ट आवाजात म्हणतात, “हळू, हळू. डावीकडे घे.” क्रेनवाल्याला सांगत असावेत. बहुधा. सकाळी विचारलं तर, “मी? काही आठवत नाही.” इतकी वर्षं शेजारी झोपून त्या डोक्यात रात्री कोण येतं, कोण जातं, कुणाला डावीकडे घेतलं जातं, याचा मला पत्ता नाही. रूझेनाचं यंत्र मला कुणी एका रात्रीपुरतं दिलं तर? नको म्हणेन असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. सुई टोचणार नाही, एवढं सांगते. पण रूझेनालाही आधी फक्त बघायचंच होतं.

चित्रपटाचा दुसरा अर्धा भाग मला थोडा कमी आवडतो. पळापळी लांबते, तोडफोड लांबते, आणि कल्पनेपेक्षा दगडविटा जास्त पडतात. शेवट मी सांगणार नाही, बघणाऱ्यांची मजा जाईल. तो गोड नाही एवढं म्हणते, आणि त्याबद्दल मी वोर्लीचेकना मनातल्या मनात नमस्कार केला.

वोर्लीचेक आणि मात्सोउरेक यांची जोडी पुढेही टिकली. 'पाने, वी स्ते व्दोवा!'मध्ये कृत्रिम माणूस आणि मेंदूची अदलाबदल आहे. 'दीव्का ना कोश्तेती'मध्ये शाळेतून पळालेली चेटकीण आजच्या प्रागमध्ये येते. १९७७ च्या 'त्सोश ताखले दात सी श्पेनात'मध्ये तरुण करणारं यंत्र आणि पालकाची भाजी यांची गाठ पडून मोठी माणसं लहान मुलं होऊन बसतात. त्यातही सोवाक आहेतच. रणगाडे आल्यानंतरच्या वर्षांत अनेक दिग्दर्शकांना काम मिळेनासं झालं. गमतीशीर यंत्रं आणि चेटकिणी यांना मात्र परवानगी मिळत राहिली. वोर्लीचेकचा सगळ्यात प्रसिद्ध चित्रपट म्हणजे १९७३ चा सिंड्रेलावरचा, 'तीन हेझलनट'वाला. जर्मनीत आणि नॉर्वेत तो नाताळात दूरदर्शनवर लागतोच लागतो. त्याची पटकथा लिहिणारे फ्रांतिशेक पावलीचेक काळ्या यादीत होते, म्हणून श्रेयनामावलीत दुसऱ्याच व्यक्तीचं नाव घालावं लागलं. युरोपातली लहान मुलं दर डिसेंबरला जे स्वप्न बघतात ते कुणी लिहिलं हे कित्येक वर्षं पडद्यावर नव्हतं.

साउदेकचं नशीब इतकंही बरं निघालं नाही. 'जेसी'नंतर त्यांनी आणि मात्सोउरेक यांनी 'म्युरिएल आणि देवदूत' ही मोठी, रंगीत, दिमाखदार चित्रकथा केली. नायिका पुन्हा ओल्गा शोबेरोवाच्या चेहऱ्याची. १९६९ मध्ये ती तयार होती. छापून आली १९९१ मध्ये. मधल्या काळात, ऐंशीच्या दशकात, साउदेकच्या चित्रकथांना आधार दिला तो गुहांचा अभ्यास करणाऱ्यांच्या संघटनेने. जमिनीखालच्या पोकळ्या मोजणारी ही मंडळी आपल्या सभासदांसाठी म्हणून छोट्या पुस्तिका काढायची आणि त्यांत साउदेक छापायची. गुहांकडे सरकारचं फार लक्ष नसावं. स्वप्नातून हाकललेली माणसं कुठून तरी बाहेर पडतातच, हे त्या चित्रकाराला चित्रपटाच्या वेळीच ठाऊक होतं म्हणायचं.

मध्यंतरी एका रविवारी मी यांना हा चित्रपट बघायला बसवलं. सुपरमॅन भिंती फोडत होता तेव्हा हे फोनमध्ये होते. जेसी पळत होती तेव्हाही फोनमध्ये. हातमोजे दिसले की मात्र मान वर. चित्रपट संपल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाले,

“हे चालायचं नाही.”

“काय चालायचं नाही?”

“ते हातमोजे. अगं, वजन गेलं म्हणजे सगळं गेलं असं नाही. वस्तुमान आहे तिथेच आहे. दहा टनांचा डाय, म्हणजे साचा, समज तरंगला हवेत. ढकलशील, सरकेल. थांबवणार कसा? तेवढाच जोर लावावा लागेल. नाहीतर पलीकडच्या माणसाचा भुगा.”

“अहो, पण ते स्वप्न आहे.”

“असू दे ना. स्वप्नात काय डाय हलका होतो?” आणि हाताने हवेत काहीतरी अडवून दाखवलं. “हळूच घ्यायला लागतो. हळू, आणि एका बाजूने.”

मी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, “आणि जेसी कशी वाटली?”

“कोण जेसी?”

“हातमोजे घातलेली ती.”

“हां, ती होय. तिला आधी हेल्मेट द्यायला पाहिजे.”